मांड

माझी मोठी मोटरसायकल माझ्या हातून एकदाच पडली, आणि तीही उभी असताना. टाकी काठोकाठ भरलेली, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे आणखी एक. रस्त्याच्या कडेला थांबलो, डावा पाय टेकवला आणि बुटाखालची बारीक खडी सरकली. गाडी वीतभर कलली. सावरेल असं वाटलं, आणि लगेच कळलं की नाही सावरणार. दोन्ही हातांनी हँडल ओढून धरलं होतं, मांडी थरथरत होती, आणि सामान सोडून २९० किलो वजनाची ती गाडी सावकाश माझ्या डाव्या अंगाला आडवी झाली. मला बाहेरून काही लागलं नाही. पण तिला धरून ठेवायच्या त्या तीन-चार सेकंदांत डाव्या गुडघ्यात काहीतरी पिळवटलं, ते पुढे चार महिने जिना उतरताना जाणवत राहिलं.

बायको नुकतीच उतरली होती. मिनिटभर आधी हे झालं असतं तर तिचा पाय पेटीखाली सापडला असता. ते एक मिनिट मी कित्येक दिवस विसरू शकलो नाही.

ती गाडी मी अकरा वर्षं चालवली आणि तिच्यावर माझं मनापासून प्रेम होतं. पण त्या दिवसापासून मी हलकी गाडी शोधायला लागलो. हलकी म्हणजे लहान नव्हे. दिवसाला पाचशे किलोमीटर व्हायला हवेत, दोघांनी जायचं, सामान न्यायचं, आणि तरी वळणाचा रस्ता आला की गाडी खुशीत झुकायला हवी. स्पोर्ट टूरिंग म्हणतात ते हेच. या जातीच्या गाड्यांचा माझ्या माहितीतला खरा टप्पा म्हणजे बीएमडब्ल्यूची आर१००आरएस. १९७६ साली आलेल्या त्या गाडीचं पूर्ण फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं होतं. स्वाराला वाऱ्यापासून वाचवलं तर तो दिवसभर वेगात जाऊ शकतो, हा विचार तिथून रुजला. पुढे तो विचार वाढत गेला आणि गाड्यांचं वजनही. होंडाची एसटी१३००, यामाहाची एफजेआर१३००, कावासाकीची १४००जीटीआर या सगळ्या ३०० किलोच्या आसपासच्या किंवा त्याहून वरच्या. मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट म्हणजे दांडा, अंगभर फेअरिंग, भलीमोठी टाकी. आता वारं उलटं फिरलंय. यामाहाची ट्रेसर ९ जीटी २०२१ साली आली ती २२० किलोची, सुझुकीची जीएसएक्स-एस१०००जीटी २२६ किलोची, होंडाची एनटी११०० २४० किलोच्या आसपासची. सत्तर किलोचा फरक म्हणजे एक अख्खा माणूस गाडीवरून उतरला.

हे आकडे मी पाठ केले होते. गाडी निवडायची म्हणजे वजनाची यादी करायची आणि खालून वर वाचत जायचं, असंच मला वाटत होतं. एका मित्रानं त्याची तीन सिलिंडरची, २२० किलोची गाडी आठवडाभर माझ्या हवाली केली नसती, तर मी त्या यादीवरूनच गाडी घेऊन मोकळा झालो असतो.

वजनाचं एक सांगायला हवं. ते थांबलेल्या गाडीत कळतं. मागे ढकलताना, चढावर वळवून लावताना, यू टर्न घेताना, मेन स्टँडवर चढवताना. ऐंशीच्या वेगात जाणारी २९० किलोची गाडी तुम्हाला जड लागत नाही. उलट तिचं वजन तुमच्या कामी येतं. खड्ड्याचा दणका चाकांकडून वर येतो तो त्या सगळ्या वस्तुमानाला हलवून मग तुमच्या पाठीपर्यंत पोचतो. हलक्या गाडीत मध्ये झेलायला तेवढं काही नसतं. म्हणून हलकी गाडी अंगाला हलकी पडेलच असं नाही. पहिल्याच दिवशी मला हे कळलं. वळणांवर ती माझ्या मनातलं ओळखत होती, गावात बोटावर नाचत होती, आणि अडीच तासांनी मी उतरलो तेव्हा माझा डावा गुडघा सरळ होईना.

घोडेस्वाराच्या बैठकीला आपल्याकडे मांड म्हणतात. मांड पक्की असली की लगाम सैल धरता येतो, आणि मांड ढिली असली की माणूस हातांनी लटकतो. मोटरसायकलवाले जिला त्रिकोण म्हणतात, म्हणजे सीट, हँडल आणि फूटरेस्ट यांच्या मधलं अंतर, ती मांडच आहे. तीन ठिकाणी शरीर गाडीला टेकतं. त्यातलं एक ठिकाण जरी चुकलं तरी त्याचा भार उरलेल्या दोन ठिकाणांवर पडतो, आणि दुखतं ते बहुधा भलतीकडेच. मनगट दुखतंय म्हणून हँडल वर घ्यावं तर कळतं की दोष सीटच्या उताराचा होता. ब्रेक लावला की माणूस टाकीकडे घसरत होता आणि हातांनी स्वतःला मागे रेटत होता.

माझा गुडघा का दुखला हे समजायला मला दोन दिवस लागले.

मी पाच फूट पाच इंच. भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरून, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं तर माझा पाय अनवाणी ७४ सेंटिमीटर भरतो. हे माप बूट न घालता आणि घालून, असं दोन्ही प्रकारे घ्यावं. जाड तळव्याचा बूट दोन-अडीच सेंटिमीटर सहज देतो. ७४ सेंटिमीटरवाल्याला ८२५ मिलिमीटरची सीट म्हणजे टाच टेकणं विसराच. मित्राच्या गाडीची सीट दोन खाचांत बसते, एक उंच आणि दुसरी १५ मिलिमीटरनं खाली. मी अर्थातच खालच्या खाचेत बसवली. अकरा वर्षं मला हेच माहीत होतं की थांबल्यावर दोन्ही पाय जितके जास्त टेकतील तितकं बरं. २९० किलो असताना ते खरंच होतं.

पण सीट खाली आली तरी फूटरेस्ट जागच्या जागी राहतो. त्याला खाली जाता येत नाही, गेला तर वळणात झुकल्यावर जमिनीला घासेल. म्हणजे सीट जितकी खाली, तितका गुडघा दुमडलेला. १५ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण दुखऱ्या गुडघ्याला काटकोनाच्या अलीकडे तीन तास बसवून ठेवणं आणि पलीकडे बसवून ठेवणं यात मोठा फरक आहे. पायाला खालची सीट हवी होती आणि गुडघ्याला वरची. सीटची उंची म्हणून छापलेला एकच आकडा दोघांची मागणी पुरवू शकत नव्हता.

त्या आकड्याविषयी आणखी दोन गोष्टी मी याच आठवड्यात शिकलो. माहितीपत्रकातली उंची स्वार न बसलेल्या गाडीची असते. आपण बसलो की मागचा शॉकअब्सॉर्बर दबतो. त्याची एकूण चाल १३०-१४० मिलिमीटर असेल तर स्वारासकट तीसेक टक्के, म्हणजे चाळीसच्या आसपास मिलिमीटर दबावी असा ठोकताळा आहे. त्यातला काही भाग गाडीच्या स्वतःच्या वजनानं आधीच दबलेला असतो, उरलेला आपल्यामुळे. अंगानं हलका माणूस बसला आणि स्प्रिंग आधीपासून ताठ आवळलेली असली, तर ती पुरेशी दबतच नाही, आणि तीच गाडी त्याला उंच लागते. शोरूममध्ये पायाची बोटं टेकत नाहीत म्हणून नाकारलेल्या कितीतरी गाड्या प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचं हे आवळणं, दोन खाचा सैल केल्यावर टेकल्या असत्या.

दुसरी गोष्ट रुंदीची. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही. आधी मांडी बाहेर जाते, मग गुडघ्याखालचा पाय जमिनीकडे वळतो. सीटचा पुढचा भाग रुंद असला तर त्या बाहेरच्या प्रवासातच पायाची लांबी खर्ची पडते. माझ्या जुन्या गाडीची सीट आकड्यानं नव्या गाडीपेक्षा खाली होती, पण टाकीजवळ इतकी रुंद की दोन्ही गाड्यांवर माझे पाय जवळपास सारखेच टेकत. म्हणून सीट किती उंच हे विचारून भागत नाही. बूट घालून, जाकीट घालून तीवर बसावं आणि सीटच्या पुढच्या कडा मांडीला कुठे लागतात ते पाहावं.

गाडी बुटकी करण्याचे जोड मिळतात, ते मागच्या सस्पेन्शनला लावले की सीट पंचवीस-तीस मिलिमीटर खाली येते. मला हा उपाय पटत नाही. नुसती मागची बाजू खाली आली की पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त तिरपा होतो आणि गाडी वळायला आळसावते. मग फोर्कही क्लॅम्पमधून तितकाच वर सरकवावा लागतो. साईड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला तर उजवीकडे जाते, म्हणून तोही कापून आखूड करायचा. झुकण्याची जागा कमी होते ती वेगळीच. पंचवीस मिलिमीटरसाठी जिच्यावर भाळलो तिचा स्वभावच बदलायचा, हे माझ्या जिवावर येतं. त्यापेक्षा सीटच्या पुढच्या कडांचा फोम तासून घ्यावा. उंची तीच राहते आणि पाय खाली पोचतो.

तिसऱ्या दिवशी मित्राला फोन केला आणि गुडघ्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, सीट खाली कशाला घेतलीस? वर घे."

"पाय टेकत नाहीत रे."

"एक टेकतो ना? चवड्यावर? मग पुरे. आता तुझ्याकडे ती जुनी गाडी नाहीये."

हे वाक्य मी बराच वेळ घोळवत होतो. गाडी जड होती म्हणून मला टाच टेकवायची होती. टाच टेकवायची म्हणून सीट खाली हवी होती. सीट खाली म्हणून गुडघा दुमडलेला. अकरा वर्षं मी ज्याला माझी बसायची पद्धत समजत होतो, ती त्या वजनानं ठरवलेली पद्धत होती. सत्तर किलो कमी झाल्यावर मला मिळालं ते नुसतं ढकलायला सोपं जाणं नव्हतं. मला वर बसायची मुभा मिळाली होती, आणि मी ती घेतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट उंच खाचेत बसवली. मग रिकाम्या जागेत जाऊन तासभर फक्त थांबायचा सराव केला. उजवा पाय ब्रेकवर, डाव्या कुल्ल्यावर किंचित सरकायचं, डाव्या पायाचा चवडा खाली. पाय टेकवण्याआधी जमीन बघायची, खडी आहे का, उतार कुठल्या बाजूला आहे. हँडल सरळ असतानाच पुढचा ब्रेक सोडायचा, वळलेल्या हँडलवर जोरात ब्रेक मारला की थांबता थांबता गाडी आतल्या बाजूला पडते. पंचवीस-तीस वेळा थांबलो. सुरुवातीला पोटात गोळा यायचा. नंतर लक्षात आलं की गाडी उभी असताना ती तोलायला फार जोर लागतच नाही, जोर लागतो तो ती कलल्यानंतर, आणि दर अंशागणिक वाढत जातो. हलक्या गाडीत तो अंश ओळखून सावरायला वेळ मिळतो.

गुडघा सुटला, पण मग हात बोलायला लागला. दोनेक तासांनी डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर व्हायची. करंगळी आणि अनामिका मात्र ठीक. हा फरक महत्त्वाचा आहे. करंगळीच्या बाजूला मुंग्या आल्या तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय, हे बहुधा खरं असतं. अंगठ्याच्या बाजूला आल्या तर मनगट वाकलंय का ते पाहावं, कारण त्या बोटांची नस मनगटातल्या अरुंद जागेतून जाते. सीट वर गेल्यामुळे माझे हात आता वरून खाली उतरत हँडलकडे येत होते आणि क्लचचा लिव्हर मात्र जुन्याच कोनात, जवळजवळ आडवा होता. बोटं त्याच्यावर न्यायची तर मनगट दर वेळी वर मोडावं लागे.

गाडी मेन स्टँडवर घेतली. एलन की घेऊन लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट निघतील इतके नाही, फक्त फिरेल इतकेच सैल केले. मग सीटवर बसलो, डोळे मिटले, खांदे सोडले आणि हात आपोआप जिथे पडतील तिथे मुठी ठेवल्या. डोळे उघडून बोटं सरळ केली, तर ती लिव्हरच्या बरीच खालून गेली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ होईपर्यंत लिव्हर फिरवला. अंगठ्याच्या नखाएवढाच फिरला असेल. बोल्ट पुन्हा आवळले, जुन्या जागेवर मार्करनं बारीक खूण करून ठेवली, मित्राची गाडी आहे. त्यानंतर बोटं बधिर झाली नाहीत. इतक्या बारीक गोष्टीसाठी लोक हँडल बदलतात, उंच करणारे रायझर लावतात आणि मग ब्रेकचा होज, म्हणजे नळी, अपुरा पडतो म्हणून तोही बदलतात. आधी लिव्हर फिरवून पाहा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

वाऱ्याचं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ८० वरून १२० ला गेलं की सव्वादोन पट होतो. पुढे झुकून बसायच्या गाडीत हाच वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार उचलतो. म्हणूनच तशी बैठक मोकळ्या रस्त्यावर सुखाची आणि गर्दीत छळणारी. काचेचा प्रश्न वेगळा. उंच काच म्हणजे शांतता, हा समज चुकीचा आहे. काचेच्या कडेवरून सुटलेला गढूळ वारा नेमका हेल्मेटवर आदळत असेल तर डोकं थडथडतं आणि मान आखडते. सरळ मोकळ्या रस्त्यावर क्षणभर फूटरेस्टवर किंचित उठून पाहावं. डोकं वर गेल्यावर आवाज एकसारखा आणि साफ झाला, तर काच तुमच्यासाठी चुकीच्या उंचीवर आहे. मी काच सगळ्यात खाली घेतली आणि माझं डोकं थडथडायचं थांबलं. कानात बोळे मी कुठल्याही गाडीवर घालतोच. हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज इतका असतो की तो रोज तासन्‌तास ऐकला तर कानांचं कायमचं नुकसान होतं, आणि थकवाही त्याच आवाजाचा निम्मा असतो असं मला वाटतं.

सीटच्या गादीबद्दल एकच म्हणेन. बोटांनी दाबून मऊ लागणारी सीट घेऊ नये. बसल्यावर आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम तासाभरात दबून खाली बसतो आणि मग ती हाडं थेट खालच्या कडक प्लास्टिकवर. जरा घट्ट, सपाट, मागेपुढे सरकायला जागा असलेली सीट पहिल्या पाच मिनिटांत आवडत नाही आणि चौथ्या तासाला आपली वाटते.

शेवटच्या दिवशी बायकोला घेऊन निघालो. दहा-बारा किलोमीटरवर तिनं पाठीवर थाप मारली. थांबलो.

"अहो, दर वेळी ब्रेक लावला की मी तुमच्या अंगावर येतेय. आणि खड्ड्यात मागचं पार खाली बसतंय."

तिचं बरोबर होतं. साठ किलोचा माणूस २९० किलोच्या गाडीवर बसणं आणि २२० किलोच्या गाडीवर बसणं सारखं नाही, दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगला तो जास्त जाणवतो. मी एकट्यासाठी सैल केलेला प्रीलोड तसाच ठेवून निघालो होतो. बाजूची गोल खुंटी क्लिक मोजत फिरवली, मागची बाजू वर आली. मग तिला फूटरेस्टवर पाय ठेवून बसायला सांगितलं आणि पहिल्यांदाच तिच्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. तिचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुमडलेले होते.

"दुखतात?"

"दीड तास चालेल. मग उतरून फिरायचं."

आम्ही तसं ठरवलं. दर दीड तासाला उतरायचं, मग वाटेत काही असो वा नसो.

तिसऱ्यांदा थांबलो ती जागा उताराची होती, कडेला बारीक खडी. ती उतरून चालून आली. मी आधीच गाडीवर बसलो होतो, उजवा पाय ब्रेकवर, डावा चवडा खडीत घासून त्याखालची घट्ट माती शोधलेली. सीट वरच्याच खाचेत होती आणि टाच हवेत. गुडघ्यात काही नव्हतं.

"बसू?" तिनं विचारलं.

"बस."

तिनं खांद्याला धरून डावा पाय फूटरेस्टवर ठेवला. गाडी थोडी डावीकडे आली, माझ्या पोटरीनं ती तिथेच धरली, आणि ती पलीकडे पाय टाकून बसेपर्यंत पुन्हा सरळ झाली.